लोकरीतला बर्फ आणि न सांगितलेलं उत्तर: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की प्राथमिकच्या मुलांना विज्ञान शिकवताना उत्तर आधी सांगून टाकू नका, त्यांना बघू द्या, अंदाज करू द्या, मग बोला. त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले, काही पटलं म्हणून आणि काही "ताई, हे वर्गात जमत नाही" म्हणून. दुसऱ्या प्रकारची जास्त होती आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटली, त्यामुळे या वेळी बहुतेक तीच घेतलीयेत.

प्रश्न: ताई, मी चौथीला शिकवते. पुस्तकातले सगळे प्रयोग मी मुलांकडून हाताने करून घेते, मुलं खूश असतात, पण आठवड्याने विचारलं तर कुणालाच काही सांगता येत नाही. एका ट्रेनिंगमध्ये म्हणाले की तुम्ही करताय ती इन्क्वायरी (मुलांनी स्वतः शोधत शिकणं) नाहीच, ती नुसती पडताळणी आहे. मुलं स्वतःच्या हाताने करतायत तरी इन्क्वायरी नाही, म्हणजे नक्की कमी काय पडतंय?

तुमची मेहनत वाया गेलीये असं अजिबात समजू नका, साहित्य जमवणं आणि सगळ्या वर्गाच्या हाताला काम देणं हेच निम्म्या ठिकाणी होत नाही. पण एक गोष्ट तपासून बघा. प्रयोग सुरू करायच्या आधी फळ्यावर काय लिहिलेलं असतं? उद्देश, साहित्य, कृती, आणि बऱ्याचदा निष्कर्ष पण. म्हणजे प्रश्न पुस्तकाचा, पद्धत पुस्तकाची, उत्तर पण पुस्तकाचं, मग मुलाच्या वाट्याला उरलं काय तर ओतणं आणि ढवळणं. या तीन गोष्टींपैकी मुलांकडे किती जातात यावरच इन्क्वायरीच्या पायऱ्या ठरतात. तिन्ही आपण दिल्या तर पडताळणी, उत्तर तेवढं त्यांच्यावर सोडलं तर एक पायरी वर, पद्धत पण त्यांना ठरवू दिली तर अजून एक, आणि प्रश्नच त्यांचा असला की सगळ्यात वरची. चौथीच्या मुलांना एकदम शेवटच्या पायरीवर न्यायची काही गरज नाही, पहिलीवरून दुसरीवर आणलं तरी वर्गातला आवाज बदलतो.

मी एक प्रयोग वर्षानुवर्षं करतेय, तो सांगते. एकाच ट्रेमधले बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्यायचे, एक बशीत उघडा ठेवायचा, दुसरा जाड लोकरीच्या कापडात नीट गुंडाळून दुसऱ्या बशीत. आणि मग काहीही न शिकवता एकच विचारायचं, कोणता आधी वितळेल? प्रत्येकाने वहीत लिहायचं, आणि शेजारी "कारण मला वाटतं की..." असं वाक्य पूर्ण करायचं, लिहून झाल्याशिवाय बोलायचं नाही. हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे कारण तोंडी विचारलं की सगळे हुशार मुलाच्या मागे जातात. बहुतेक वर्ग लिहितो की लोकरीतला आधी वितळेल, कारण लोकर गरम असते. अगदी बरोबर विचार आहे त्यांच्या जागेवरून, स्वेटर घातला की गरम होतं हा त्यांचा रोजचा अनुभव आहे ना.

मग वाट बघायची, दुसरं काहीतरी काम करायचं, आणि उघडायचं. लोकरीतला तुकडा मोठा, उघड्यावरचा लहानसा उरलेला. इथे बाईंची जीभ शिवशिवते, "बघा मुलांनो, लोकर उष्णतेची दुर्वाहक असते" असं वाक्य तोंडावर येतं, आणि ते गिळायचं. मी एकदा गिळलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम हे बरोबर नाही, वितळलेलं पाणी लोकरीने पिऊन टाकलं म्हणून आपल्याला कमी वितळलंय असं वाटतंय." इतका सुंदर आक्षेप होता तो! मी म्हटलं मग कसं तपासायचं, तर वर्गातूनच आलं की दोन्ही तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारू, मग एक लोकरीत गुंडाळू, म्हणजे पाणी कुठेच जाणार नाही आणि शेवटी दोन्ही पिशव्यांतलं पाणी मोजता येईल. दुसऱ्या दिवशी ते केलं, आणि तरीही लोकरीतलंच पाणी कमी भरलं. मग एक मुलगी म्हणाली की लोकर खरंच गरम असते का तेच आधी बघूया, तिने थर्मामीटर नुसत्या लोकरीत गुंडाळून ठेवला, अर्ध्या तासाने काढला तर आकडा वर्गातल्या हवेइतकाच. त्यानंतर ती काही वेळ गप्प बसून होती आणि मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे गरम आपण असतो, लोकर नुसती ते जाऊ देत नाही. आणि बर्फाला बाहेरची उष्णता येऊ देत नाही."

दुर्वाहक हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. आता त्याला लटकायला जागा होती. दोन दिवस गेले हे खरं आहे, पण तो धडा मला नंतर परत शिकवावा लागला नाही. तुम्ही पण नवीन प्रयोग शोधू नका, जे करताय तेच उलटं करा, आधी अंदाज, मग बघणं, मग "असं का झालं असेल", आणि शब्द सगळ्यात शेवटी.

प्रश्न: माझी मुलगी तिसरीत आहे. मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवायचा प्रयोग होता, "तू काय पाहिलंस" या प्रश्नाला तिने लिहिलं की ऑक्सिजन संपला म्हणून मेणबत्ती विझली, तर बाईंनी अर्धाच मार्क दिला आणि लिहिलं "हे निरीक्षण नाही". मला तर उत्तर बरोबर वाटतंय. एवढं काटेकोर असायची खरंच गरज आहे का?

मला त्या बाईंना भेटायला आवडेल. मार्क कापायला नको होता असं माझं मत आहे, या वयात मार्कापेक्षा समोर बसून बोललेलं जास्त उपयोगी पडतं, पण त्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. ऑक्सिजन कुणाला दिसला? तिला दिसलं ते असं की ज्योत आधी लहान झाली, मग विझली, बारीक धूर वर गेला, ग्लास आतून धूसर झाला. हे निरीक्षण. ऑक्सिजन कमी पडला हे तिने ऐकलेलं किंवा लावलेलं कारण, म्हणजे अनुमान. दोन्ही लागतात, पण दोन्ही एकाच खणात टाकले की नंतर कारण चुकीचं निघालं तरी कळत नाही कारण आपण ते "पाहिलेलं" असतं.

याच प्रयोगाचं पुढचं रूप घ्या ना, ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वरून ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. पिढ्यानपिढ्या सांगत आलोय की ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, आणि हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो म्हणून पाणी पाचव्या हिश्श्याइतकं चढतं. ऐकायला इतकं नीट बसतं की कुणी परत बघतच नाही. पण मुलांना नुसतं बारकाईने बघायला सांगा. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर येताना दिसतात, म्हणजे ज्योतीने तापून फुगलेली हवा बाहेर पडतेय. आणि पाणी ज्योत जळत असताना हळूहळू न चढता मुख्यतः विझल्यानंतर भराभर चढतं, म्हणजे आतली हवा थंड होऊन आकसते तेव्हा. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून बघा, ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त वर जातं. ऑक्सिजनवालं कारण खरं असतं तर असं व्हायला नको होतं. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आतला सगळा ऑक्सिजन संपलेला नसतोच, बराचसा शिल्लक असतो, फक्त ज्योत टिकायला पुरत नाही. (मेणबत्ती मोठ्या माणसाशेजारीच लावायची आणि मोकळे केस बांधून, हे सांगायला नको पण सांगते.)

मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर होती. एका मेणबत्तीत सहा व्याख्यानांचं बघण्यासारखं असतं हे लक्षात घेतलं तर तुमच्या मुलीच्या बाई काय मागतायत ते कळेल. घरी एक करा, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे "मला दिसलं", उजवीकडे "मला वाटतं". आठवडाभरात ती तुम्हालाच पकडायला लागेल.

प्रश्न: सर्व ठीक आहे ताई पण माझ्या वर्गात ५५ मुलं आहेत, प्रयोगशाळा नाही, साहित्याची पेटी होती ती कधीच रिकामी झाली. अशा ठिकाणी प्रोसेस स्किल्स (निरीक्षण, मोजमाप, वर्गीकरण अशी कौशल्यं) वगैरे कशी शिकवायची? आणि ते "चल" (प्रयोगात बदलू शकणारी गोष्ट, व्हेरिएबल) नावाचं प्रकरण पाचवीच्या मुलांच्या डोक्यावरून जातं.

सर, तुम्हाला दोरा, लोखंडी नट आणि सेकंद काटा असलेलं एक घड्याळ मिळेल ना, तर एवढ्यावर तीन तास चांगले जातात. लंबक. पाच-पाच मुलांचे अकरा गट करा, प्रत्येकाला काम ठरवून द्या, एक धरणार, एक सोडणार, एक मोजणार, एक वेळ बघणार, एक लिहिणार, आणि दर फेरीला कामं फिरवायची नाहीतर लिहिणारी मुलगी कायम लिहितच राहते.

पहिला प्रश्न, दहा हेलकाव्यांना किती वेळ लागतो? (जाऊन परत आलं की एक हेलकावा, हे आधी ठरवून घ्या.) दोरा सगळ्यांचा २५ सेंटिमीटर, नटाच्या मध्यापर्यंत मोजलेला, आणि झोका लहान. उत्तर १० सेकंदांच्या आसपास यायला हवं. पण हा आकडा तुमच्या खिशात ठेवा. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा, कुणाचा १०, कुणाचा साडेदहा, आणि हमखास दोन-तीन गटांचा ९. आता हे ९ वाले चुकले म्हणून खोडू नका, त्यांना पुढे बोलवून सगळ्यांसमोर परत मोजायला सांगा. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं की हे नट सोडतानाच "एक" म्हणतायत, म्हणजे "दहा" म्हणेपर्यंत हेलकावे नऊच झालेले असतात. सोडताना "शून्य" म्हणायचं. हे वर्गाने स्वतः शोधून काढलेलं मी पाहिलंय आणि त्या दिवशी मोजमाप म्हणजे काय हे त्यांना जितकं कळलं तितकं व्याख्येने कळलं नसतं.

मग विचारा, हा वेळ कशाने बदलेल? मुलं म्हणतील वजन वाढवलं तर, लांबून सोडलं तर, दोरा लांब केला तर. हेच तुमचं चल प्रकरण, फक्त तो शब्द वापरू नका, "काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं, काय मोजायचं" असे तीन रकाने करा. वजनाच्या वेळी एक गंमत होते, मुलं दुसरा नट पहिल्याच्या खाली बांधतात आणि वेळ किंचित वाढतो, मग ती खुशीत लिहितात की जड लंबक सावकाश जातो. इथे थांबून विचारायचं की वजन वाढवताना अजून काही बदललं का? खाली नट बांधल्यामुळे लांबी पण वाढली. दोन्ही नट शेजारी-शेजारी एकाच उंचीला बांधले की वेळ पुन्हा तोच येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मुलांना त्या क्षणी पटतो कारण तो मोडल्यावर काय होतं ते त्यांच्या हातातच असतं. शेवटी लांबी १ मीटर करा, दहा हेलकाव्यांना साधारण २० सेकंद लागतील. लांबी चौपट, वेळ दुप्पट. पाचवीला सूत्र नको, आलेखाच्या कागदावर तीन-चार ठिपके पुरेत, आणि ५० सेंटिमीटरला किती येईल ते आधी ठिपक्यांवरून सांगा आणि मग मोजा.

प्रश्न: मी प्रश्न खूप विचारते, पण कायम तीच दोन-तीन मुलं हात वर करतात. बाकीचे नुसते बघत बसतात. त्यांना येत नाही की बोलायचं नाही?

बहुतेक वेळा त्यांना वेळच मिळालेला नसतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, तर सरासरी जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात कुणी बोललं नाही की आपण प्रश्न परत विचारतो, दुसऱ्याला विचारतो, नाहीतर स्वतःच उत्तर देतो. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, मुलं एकमेकांशी बोलायला लागली आणि एरवी गप्प असणारी पण बोलायला लागली. १९७० च्या दशकातलं काम आहे हे आणि मला अजून विज्ञान शिकवण्याबद्दल याहून साधी आणि बिनखर्ची सूचना सापडलेली नाही.

मनात सावकाश पाच मोजा, सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होतं. आणि एकदा नाही, दोनदा थांबायचं, मुलाने उत्तर दिल्यावर पण. आपण लगेच "शाब्बास, बरोबर" म्हणतो ना, त्याने ते मूल खूश होतं पण बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. त्याऐवजी "असं का वाटलं तुला?" किंवा "याच्याशी कुणाला पटत नाहीये?" म्हणा, आणि हे बरोबर उत्तरालाही विचारा, नाहीतर मुलं चार दिवसांत ओळखतात की मॅडमनी "का" विचारलं म्हणजे आपलं चुकलं.

प्रश्न: आमचा बियांचा प्रयोग साफ फसला. एक कुंडी उजेडात, एक कपाटात, दोन्हींना सारखं पाणी. आठ दिवसांनी कपाटातली रोपं जास्त उंच! मुलांनी लिहिलं "झाडं अंधारात चांगली वाढतात". आता काय करू, परत करू का?

फसला नाही, उत्तम झालाय, अगदी असंच होतं. अंधारात रोप उजेड शोधत लांबच लांब वाढतं, बीमध्ये साठवलेलं सगळं त्याच्यावर खर्च करतं. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवा आणि उंची सोडून बाकी काय काय वेगळं दिसतंय ते लिहायला सांगा. रंग पिवळट, देठ बारीक आणि लुळं, पानं इवलीशी. मग मुलांनाच विचारा की "चांगली वाढली" म्हणजे नक्की काय मोजायचं, उंची, पानांची संख्या, देठाची जाडी, की किती दिवस जगलं? आपण कुठला शब्द कसा मोजणार हे आधी ठरवणं हेच एक मोठं कौशल्य आहे आणि ते तुम्हाला आयतं समोर आलंय. पुसून परत करू नका, तसंच पुढे चालू ठेवा, अजून आठ-दहा दिवसांत कपाटातली रोपं मान टाकायला लागतील आणि मुलं आपणहून पहिलं वाक्य खोडतील.

प्रश्न: कौशल्यं कौशल्यं सगळे म्हणतात, पण अभ्यासक्रम कुठे जातो? निरीक्षण, वर्गीकरण शिकवत बसलो तर धडे कधी संपणार?

ही भीती खोटी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत तिथल्या विज्ञान संघटनेने प्राथमिकसाठी एक पूर्ण अभ्यासक्रमच कौशल्यांवर बांधला होता, आठ मूलभूत (निरीक्षण, वर्गीकरण, मोजमाप, अंदाज, अनुमान वगैरे) आणि वरच्या वर्गांना पाच एकत्रित (चल ताब्यात ठेवणं, माहितीचा अर्थ लावणं, प्रयोग रचणं अशी). आपण आज जी यादी पाठ करतो ती बरीचशी तिथूनच आलीये. त्याच्यावर टीका पण झाली, आणि मला ती पटते, की निरीक्षण हे सुटं कौशल्य नसतं. बटणांचं वर्गीकरण करता आलं म्हणून पानांचं येईलच असं नाही, पानात काय बघायचं हे थोडं माहीत असावं लागतं. म्हणून "आज निरीक्षणाचा तास" असं कधीच करू नका. धडा पानांचाच असू दे आणि त्याच्या आत निरीक्षण असू दे.

त्याच काळात रॉबर्ट कार्प्लस नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने लहान मुलांच्या वर्गात काम करून जो क्रम मांडला तो मला रोजच्या धड्यासाठी जास्त उपयोगी वाटतो, आधी मुलांना हाताळू द्या, मग संकल्पनेचं नाव द्या, मग ती नव्या ठिकाणी लावू द्या. यात धडा वेगळा राहतच नाही. आणि सगळे धडे असे करायचा हट्ट पण नको, ग्रहांची नावं शोधून काढायची नसतात, ती सांगायचीच. एका सत्रात चार-पाच धडे निवडा जिथे मुलांना खरंच काही हाताळता येतं, तिथे वेळ घाला, बाकी सरळ शिकवा.

प्रश्न: परीक्षेत हे कसं तपासायचं? लेखी पेपरमध्ये येतं का?

येतं की. "लंबकाच्या प्रयोगात एका गटाने दोरा पण बदलला आणि वजन पण, त्यांना काय सांगशील?" हा दोन मार्कांचा प्रश्न झाला, किंवा एक तक्ता द्या आणि विचारा यातला कोणता आकडा तुला परत मोजावासा वाटतो आणि का. पाठ करून याचं उत्तर येत नाही. आणि वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकदा, प्रत्येकाच्या हातात एक शिंपला किंवा वाळलेली शेंग देऊन दहा मिनिटं फक्त "मला दिसलं" लिहून घ्या आणि दोन्ही कागद जपून ठेवा, पालकसभेत ते दोन कागद शेजारी ठेवून दाखवता येतील.